घरटॅक्सची वाढ आणि ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक : ग्रामसभेच्या आधी बोलून घेऊ या

धागाकर्ता (शेतकरी, वॉर्ड २)

मंडळी, नमस्कार.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई नव्या कर आकारणीच्या नोटिसा घरोघरी देऊन गेला. माझ्या नोटिशीत घरटॅक्सची रक्कम १,४२१ रुपये आहे. गेल्या वर्षी मी ६१० रुपये भरले होते आणि त्याची पावती माझ्याकडे आहे. दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यात धरलेली नाही. नोटिशीवर एवढेच लिहिले आहे की चार वर्षांनी होणारी फेरआकारणी करण्यात आली असून हरकत असल्यास लेखी द्यावी.

वर्ष कसे गेले हे येथे कोणाला सांगण्याची गरज नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण ओलावा आणि डाग यांचे कारण दाखवून माझा माल त्याच्या बराच खाली गेला. कापसाची शेवटची वेचणी अजून घरातच पडून आहे आणि तुरीचे पैसे हाती यायला होळी उजाडेल. अशा वेळी मार्चपूर्वी दुपटीहून अधिक घरटॅक्स भरा असे म्हटले तर माणसाने काय समजावे?

मला कर बुडवायचा नाही. वडिलांच्या काळापासून आमच्या घराची बाकी कधी राहिलेली नाही. पण ज्या नालीबद्दल मी सलग तीन ग्रामसभांत बोललो, ती हनुमान मंदिरापासून शाळेपर्यंतची नाली आजही गाळाने भरलेली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या वाढीला विरोध करावा, असे माझे मत आहे. आपली मते मांडावीत. शक्यतो कोणत्या पक्षाचे राज्य आहे यावर न जाता, आकड्यांवर बोलावे.

किराणा दुकानदार (बसथांब्याजवळ)

पूर्ण पाठिंबा. माझे दुकान आणि घर एकाच छताखाली आहे, पुढे दुकान आणि मागे आम्ही. या वेळी पूर्ण इमारत व्यापारी धरली आहे. स्वयंपाकघरही व्यापारी कसे होते, हे मला कोणी समजावून सांगावे.

नोकरीनिमित्त पुण्यात राहणारा

आमचा वाडा गेली सहा वर्षे बंद आहे. आई-वडील माझ्याकडे आहेत, नळजोडणी तोडलेली आहे, घरात माणूस नाही. तरीही कर वाढला. जे घर गावाच्या कोणत्याच सेवेचा लाभ घेत नाही, त्याच्यावर वाढ लावणे अन्यायाचे आहे, असे मला वाटते.

निवृत्त ग्रामसेवक

मी तालुक्यातील वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत नोकरी केली आहे. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र केली गेली.) विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा हे नंतर ठरवावे, आधी ही रक्कम कशी तयार होते ते सर्वांनी नीट समजून घ्यावे, कारण ग्रामसभेत मोठ्याने बोलणारे बहुतेक जण सूत्र न वाचताच बोलतात.

ग्रामपंचायतीला घरांवर कर बसवण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ ने दिला आहे आणि तो कसा बसवायचा हे १९६० च्या कर व फी नियमांत आहे. पूर्वी क्षेत्रफळावर आकारणी होत असे. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि भांडवली मूल्याची पद्धत आली. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुने होत जाते तसा कमी होणारा गुणक). या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणले की भांडवली मूल्य मिळते. भारांक राहण्यासाठी १, उद्योगासाठी १.२० आणि व्यापारासाठी १.२५ आहे. त्यानंतर भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे ठरावीक पैसे कर लागतो. हे पैसे किती घ्यायचे याची खालची आणि वरची मर्यादा शासनाने बांधून दिलेली आहे. आरसीसी घरासाठी ती १२० ते २०० पैसे आहे. या दोन टोकांच्या मध्ये कोठे थांबायचे, हे मात्र ग्रामपंचायत ठरवते. म्हणून "वरून आले आहे, आमच्या हातात काही नाही" असे कोणी पदाधिकारी सांगत असेल तर ते अर्धेच खरे आहे.

धागाकर्त्या दादांनी आपल्या नोटिशीचा मागचा तक्ता येथे टाकावा. घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार हे दोन रकाने आधी पाहावेत.

दुकानदार भाऊ, भारांक वापरावर आहे. जेवढा भाग दुकानाचा तेवढ्यालाच १.२५ लागला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या भागाची वेगवेगळी मापे लिहून हरकत द्या.

धागाकर्ता

काका, तक्ता पाहिला. जमीन १६० चौरस मीटर, दर ३०० रुपये. बांधकाम १०५ चौरस मीटर, प्रकार आरसीसी, दर १०,००० रुपये, घसारा ०.८०. हजारी दर १ रुपया ६० पैसे. माझ्या जुन्या नमुना ८ च्या (कर आकारणी नोंदवहीच्या) उताऱ्यावर बांधकाम ६० चौरस मीटर आहे आणि हजारी दर १ रुपया २० पैसे होता.

माझे घर १०५ चौरस मीटर नाही. मी आज मुलाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून स्वतः मोजले. घर ७० चौरस मीटर भरते, म्हणजे मागच्या खोलीचे वाढवलेले बांधकाम जुन्या नोंदीत नव्हते हे मी मान्य करतो. उरलेले ३५ चौरस मीटर म्हणजे आमचा कोठा आहे. लाकडी बल्ल्या, वर टिनपत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन. आत दोन बैल, एक गाय आणि कुटार. त्याला आरसीसी धरले आहे.

निवृत्त ग्रामसेवक

मला वाटलेच होते. आता हिशेब करू.

तुमच्या नोटिशीप्रमाणे जमीन ४८,००० आणि बांधकाम ८,४०,०००, म्हणजे भांडवली मूल्य ८,८८,००० रुपये; १ रुपया ६० पैशांनी कर १,४२०.८०. कोठा वगळून फक्त ७० चौरस मीटरचे घर धरले तर मूल्य ६,०८,००० आणि कर ९७२.८० होतो. म्हणजे तुमच्या वाढीतले ४४८ रुपये निव्वळ कोठ्याला घराचा दर्जा दिल्यामुळे आले आहेत. आणि हजारी दर जुनाच, १ रुपया २० पैसे, ठेवला असता तर ७० चौरस मीटरवर ७२९.६० रुपये झाले असते.

याचा अर्थ असा की ज्या दरवाढीवर आपण सगळे तुटून पडलो आहोत, तिचा तुमच्या घरावरचा भार २४३ रुपयांचा आहे आणि चुकीच्या नोंदीचा भार ४४८ रुपयांचा. चूक कोठून आली असेल याचा अंदाज मी सांगतो. केंद्राच्या स्वामित्व योजनेत (२०२०) गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. वरून घेतलेल्या छायाचित्रात छत दिसते. त्या छताखाली स्लॅब आहे की बल्ल्या, बैल राहतो की माणूस, हे कळत नाही. ते खाली येऊन प्रत्यक्ष पाहावे लागते. नकाशावरून आकारणी यादी तयार करताना ज्या गावांत हे पाहणे झाले नाही, त्या गावांत कोठे, चुलीच्या पडव्या आणि उघड्या ओसऱ्या घरात मिसळल्या गेल्या.

शिक्षक (जिल्हा परिषद शाळा)

काकांच्या हिशेबाला एक जोड देतो. गावात अशी चर्चा आहे की रेडी रेकनरचे (जमीन-बांधकामाचे सरकारी मूल्य) दर वाढल्यामुळे कर दुप्पट झाला. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात जे दर वाढले, त्यांत ग्रामीण भागाची सरासरी वाढ ३.३६ टक्के होती. त्याआधी २०२२ मध्ये वाढ झाली होती आणि मधली दोन वर्षे दर तेच राहिले. सरासरीपेक्षा आपल्या गावचा दर थोडा इकडेतिकडे असू शकतो, पण एवढ्या वाढीने ६१० चे १,४२१ होत नाहीत. कारण क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि हजारी दर या तीन रकान्यांतच शोधले पाहिजे, आणि प्रत्येकाच्या नोटिशीत ते वेगळे निघेल. म्हणून सरसकट विरोधाचा ठराव घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपापले रकाने तपासून वेगळी हरकत देणे जास्त परिणामकारक ठरेल.

घरकुल लाभार्थी (वॉर्ड ४)

सरांनी आणि काकांनी जे लिहिले ते वाचून आमच्या वस्तीत काय झाले ते कळले. आम्ही शेतमजुरी करतो. प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले, १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने आले, वरचे पैसे बचत गटातून आणि उसनवारीने उभे केले. मातीचे घर पाडून त्या जागी स्लॅबचे एवढेसे घर झाले. पूर्वी मातीच्या घराचा कर हातात मावेल एवढा होता. आता घर आरसीसीच्या रकान्यात गेले आणि वर हजारी दरही वाढला.

घर पक्के झाले याचा आनंद आहेच. पण उत्पन्न तर तेच राहिले आहे. मजुरी वाढली नाही, काम वर्षातून जेमतेम सहा-सात महिने मिळते. नवे घर म्हणून घसाऱ्याची सूटही मिळत नाही, तर ज्यांची पंचवीस वर्षांची मोठमोठी घरे आहेत त्यांना ती मिळते. हा नियम कोणी वाईट बुद्धीने केला नसेल, पण आमच्यावर त्याचा भार सर्वांत जास्त पडतो, एवढे या चर्चेत नोंदले जावे.

बचत गट अध्यक्षा

वरच्या भावांचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि ग्रामपंचायतीने दर ठरवताना ते ऐकलेच पाहिजे. हजारी दर ठरवायचा अधिकार पंचायतीचा असेल, तर आरसीसीचा दर खालच्या मर्यादेवर ठेवणे हाच लहान घरांना दिलासा आहे.

मला मात्र दुसऱ्या बाजूचे एक सांगायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवरची मोटार जळाली आणि ती दुरुस्त होऊन यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही बायका पहाटे चारला उठून पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर जात होतो. पाण्याचे दोन गुंड डोक्यावर, एक कमरेवर, आणि वाटेत ती गाळाची नाली. उशीर का झाला असे विचारले, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या खात्यात पैसे नव्हते असे उत्तर मिळाले. जल जीवन मिशनमधून माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे नळ घराघरांत आले, ही मोठी गोष्ट झाली. पण योजना बांधायला पैसा वरून येतो, चालवायला आपला लागतो. मोटार, वीजबिल, ब्लीचिंग पावडर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार. पाणीपट्टी न भरणारी घरे आमच्याच ओळीत आहेत आणि त्यांच्या नळाला मोटार लावून पाणी ओढले जाते, हेही मी पाहते.

म्हणून नुसते "वाढ रद्द करा" म्हणून उठून येऊ नये. अकरा दिवसांचे पाणी मी वाहिले आहे.

ग्रामपंचायत सदस्य

मी पदाधिकारी आहे, त्यामुळे माझे म्हणणे संशयाने वाचले जाईल याची मला जाणीव आहे, तरीही लिहितो. गावात सर्वांचा समज असा आहे की ग्रामपंचायतीला लाखो रुपये येतात, मग आमच्या दोनशे-तीनशे रुपयांची काय गरज? पैसे येतात हे खरे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला मिळतो आणि पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. पण त्यातला ६० टक्के निधी बंधित आहे. निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित असला तरी त्यातून कर्मचाऱ्यांचा पगार करता येत नाही. आराखड्यात जे काम घेतले तेच करावे लागते.

ज्या खर्चाला कोणीच पैसे देत नाही, तो सगळा स्वनिधीतून, म्हणजे तुमच्या घरटॅक्समधून करावा लागतो. रस्त्यावरचा बंद पडलेला दिवा बदलणे, मेलेले जनावर उचलणे, पावसाळ्यात फुटलेली पाइपलाइन जोडणे, कार्यालयातला कागद, शिपायाच्या पगारातला पंचायतीचा हिस्सा. शिवाय जमा झालेला स्वनिधी पूर्ण मोकळा नसतो. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. शंभर रुपये आले तर सत्तर हाती राहतात.

दर १ रुपया २० पैशांवरून १ रुपया ६० पैसे करण्याच्या ठरावाला मी हात वर केला होता. अंदाजपत्रकात जमा आणि खर्च जुळत नव्हते, म्हणून केला. मर्यादा २ रुपयांपर्यंत असताना मध्येच थांबलो.

धागाकर्ता

सदस्य साहेब, तुम्ही नावाने ओळखू येण्याची शक्यता असतानाही समोर येऊन उत्तर दिलेत, याबद्दल आभारी आहे. पण माझा एक प्रश्न आहे. जमा आणि खर्च जुळत नव्हते तेव्हा थकबाकीचा रकाना पाहिला होता का? नमुना ९ मध्ये (कर मागणीच्या नोंदवहीत) मागील बाकी वेगळी दाखवलेली असते. ती किती आहे, आणि पहिल्या दहा थकबाकीदारांत कोण आहेत?

ग्रामपंचायत सदस्य

एकूण मागणीच्या निम्म्याहून अधिक रक्कम मागील बाकीची आहे. नावे मी येथे लिहिणार नाही, पण कार्यालयात येऊन रजिस्टर पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. लोकअदालतीच्या नोटिसा काढल्या होत्या. काही जणांनी भरले, मोठ्या बाक्या तशाच आहेत.

पुण्यात राहणारा

मग हाच तर मूळ प्रश्न आहे. जे भरत नाहीत त्यांची तूट भरणाऱ्यांच्या दरात वाढ करून काढली जात आहे.

शिक्षक

येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या गावचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तस्थितीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातील एका पंचायतीचे सरासरी उत्पन्न २१.२३ लाख रुपये होते. त्यातले सुमारे १७ लाख केंद्राच्या अनुदानाचे आणि सव्वातीन लाख राज्याच्या अनुदानाचे. पंचायतीने स्वतः बसवलेल्या करांचे उत्पन्न किती, तर २१,००० रुपये. करांशिवाय इतर स्वतःचे उत्पन्न ७३,००० रुपये. म्हणजे शंभरातला एक रुपया आपल्या करातून येतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती यात तुलनेने बऱ्या आहेत.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हा पंचायतीला कर बसवण्याचा अधिकार देण्याची तरतूद घटनेत आली. तो अधिकार वापरला नाही तर काय होते? शंभरातले जवळजवळ सगळे रुपये वरून येतात आणि ते कोणत्या कामावर खर्च करायचे हेही वरूनच ठरते. मंदिरापासून शाळेपर्यंतची नाली वर्षातून दोनदा उपसायची हे ठरवायला जो पैसा लागतो, तो आपल्या स्वतःच्या करातूनच येऊ शकतो. दादा, तीन ग्रामसभांत नालीचा प्रश्न मांडूनही काम झाले नाही, याचे एक कारण हेही आहे की नाली बांधण्यासाठी निधी मिळतो, उपसण्यासाठी मिळत नाही. म्हणून आपल्याकडे चांगली नाली फोडून पुन्हा बांधली जाते, पण आहे ती साफ होत नाही. हे मी स्वतः शाळेच्या फाटकासमोर दोनदा झालेले पाहिले आहे.

तरीही थकबाकीबाबत मी पुण्याच्या मित्राशी सहमत आहे. बाकी वसूल न करता दर वाढवणे म्हणजे जो नियमाने भरतो त्यालाच पुन्हा पकडणे होय. कायद्यात वसुलीचे मार्ग आहेत : कलम १२९ प्रमाणे बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. पंचायत सदस्याने स्वतःचा कर मागणीनंतर तीन महिन्यांत भरला नाही तर कलम १४ प्रमाणे त्याचे पद जाऊ शकते. ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखवावी.

बंद घराबाबत मात्र मी सहमत नाही. पाणीपट्टी वापरावर आहे आणि जोडणी तोडली असल्यास ती लागू नये. पण घरटॅक्स मालमत्तेवर आहे. तुमच्या वाड्यासमोरचा रस्ता आणि दिवा गावाने सांभाळला म्हणूनच त्या वाड्याला किंमत आहे.

पुण्यात राहणारा

सर, तुमचे शेवटचे वाक्य वाचून थोडा वेळ थांबलो. वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले की बाकी किती आहे, आणि मला ते माहीत नव्हते. आज चौकशी केली. तीन वर्षांची आहे. म्हणजे मी ज्या थकबाकीदारांबद्दल लिहिले त्यांत माझेही घर आहे. या आठवड्यात भरतो. पाणीपट्टीबद्दलची हरकत तेवढी वेगळी देणार आहे, कारण जोडणी खरोखरच तोडलेली आहे.

गृहिणी (वॉर्ड १)

माझी अडचण वेगळी आहे. घराचे बिल अजून माझ्या सासऱ्यांच्या नावाने येते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली आणि माझे पती तीन वर्षांपूर्वी गेले. कर मी भरते, पावती सासऱ्यांच्या नावाने फाटते. हरकत द्यायला गेले तर "मालमत्ताधारकाने अर्ज करावा" असे सांगितले. मालमत्ताधारकाला मी कोठून आणू?

निवृत्त ग्रामसेवक

ताई, आधी वारसनोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड आणि शेवटची कर पावती जोडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच हातात असली की हरकतीच्या अर्जावर "भोगवटादार व वारस" म्हणून सही करा. भोगवटादार हा नमुना ८ मधला स्वतंत्र रकानाच आहे, त्यामुळे अर्ज नाकारण्याचे कारण उरत नाही. घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याच्या सूचना शासनाने २००३ मध्येच दिल्या होत्या. तेव्हा त्या पाळल्या गेल्या असत्या तर आज तुमच्यावर ही वेळ आली नसती. ज्या घरांत दोघेही हयात आहेत त्यांनी ही नोंद आत्ताच करून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरटॅक्समध्ये माफी आहे, गावात अशी तीन घरे माझ्या माहितीत आहेत, त्यांनी अर्ज केला आहे का ते पाहावे. आणि वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत कर भरला तर ५ टक्के सूट मिळते, वर्ष उलटले तर ५ टक्के दंड लागतो. पण शेतकऱ्याच्या हाती पैसा सप्टेंबरपर्यंत येतच नाही, त्यामुळे आपल्या भागात ही सूट नोकरदारांनाच मिळते. माझ्या नोकरीच्या काळात मी दोनदा हे वरिष्ठांना लिहून कळवले होते.

किराणा दुकानदार

पुढची आणि मागची मापे लिहून हरकत दिली. दुकान २२ चौरस मीटर, घर ४६. पोच मिळाली. शिक्का मारून घ्या असे काकांनी फोनवर सांगितले होते म्हणून तो मागून घेतला, नाहीतर कागद नुसता टेबलावर ठेवून घेत होते.

बचत गट अध्यक्षा

ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली. आजवर ती कागदावर होत असे, सह्या घरी येऊन घेतल्या जात. या वेळी आम्ही एक्केचाळीस जणी प्रत्यक्ष बसलो. तीन ठराव दिले. पहिला, आरसीसीच्या लहान घरांचा विचार करून हजारी दर १ रुपया २० पैसेच ठेवावा. दुसरा, पाणीपट्टीचे पैसे पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या खात्यातच राहावेत आणि त्या खात्याची शिल्लक दर महिन्याला टाकीच्या भिंतीवर लिहावी. तिसरा, नळाला मोटार लावणाऱ्यांच्या जोडण्या तपासाव्यात. तिसऱ्या ठरावावर बरीच बोलाचाली झाली, कारण मोटारी बसलेल्यांपैकी काहींच्या घरीही होत्या.

धागाकर्ता

काल ग्रामसभा झाली. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी लिहितो.

मी विरोधाचा ठराव मांडणार होतो, पण या धाग्यावरची चर्चा वाचून तो बदलला. परवा दोन तास कार्यालयात बसून नमुना ९ पाहिला. ज्यांच्या बाक्या सर्वांत मोठ्या आहेत त्यांत हलाखीची घरे अगदी थोडी आहेत. वॉर्ड ४ मधील मजुरांची घरे बहुतेक पूर्ण भरणारी आहेत, कारण कोणताही दाखला हवा असला की त्यांनाच आधी बाकी भरायला लावतात. हे मी सभेत बोललो. काही जणांना ते आवडले नाही. शिक्षकांनी कलम १४ ची तरतूद वाचली तेव्हा सभेत अगदी शांतता होती.

शेवटी असे ठरले की हजारी दराची वाढ या वर्षी थांबवावी आणि मागील बाकीची यादी रकमेसह सूचना फलकावर लावून वसुली सुरू करावी. सदस्य साहेबांनी सांगितले की बाकीपैकी अर्धी जरी आली तरी अंदाजपत्रकातली तूट निघते. तसे न झाल्यास पुढच्या वर्षी दरवाढीचा प्रस्ताव पुन्हा येईल, आणि त्या वेळी मी त्याला विरोध करणार नाही, हे मी सभेत सांगितले व इतिवृत्तात लिहून घेतले. नाली उपसण्यासाठी स्वनिधीत वेगळी तरतूद करण्याचे मान्य झाले आहे. रक्कम लहान आहे, पण पावसाळ्यापूर्वी एकदा उपसता येईल एवढी आहे. घरकुलांच्या आकारणीबाबत पंचायत समितीकडे पत्र पाठवण्याचा ठराव झाला. त्यातून काही निघेल याची मला फारशी आशा वाटत नाही, तरी पत्र गेल्याची प्रत मी मागितली आहे.

क्षेत्रफळाच्या हरकतींबाबत प्रत्यक्ष मोजणी होणार आहे. ज्यांचे समाधान होणार नाही त्यांना पंचायत समितीकडे अपील करता येते, हे सभेत सांगण्यात आले.

निवृत्त ग्रामसेवक

मोजणीच्या वेळी कोठा आणि घर यांच्यामधली भिंत सामाईक असेल तर ती घरात धरली जाते, त्यावर वाद घालू नका. पण कोठ्याचे छत, खांब आणि जमीन कशाची आहे हे पंचनाम्यात शब्दांत लिहून घ्या. नुसते "शेड" असे लिहू देऊ नका, पुढच्या फेरआकारणीत त्या एका शब्दावरून पुन्हा आरसीसी होईल.

गृहिणी (वॉर्ड १)

वारसनोंदीच्या अर्जाची पोच मिळाली. हरकतही घेतली. काका, आभारी आहे.

धागाकर्ता

वॉर्ड २ ची मोजणी बुधवारी सकाळी आठपासून आहे. ज्यांनी हरकत दिली आहे त्यांनी वावरात जाण्यापूर्वी घरी थांबावे आणि जुनी पावती, नमुना ८ चा उतारा व हरकतीची पोच हाताशी ठेवावी. टेप माझ्याकडे आहे, कोणाला आधी स्वतः मोजून पाहायचे असेल तर मंगळवारी संध्याकाळी घेऊन जावा.